नव्या बिऱ्हाडाला आधी काय सांगावं?

प्रश्न : ताई, नमस्कार. बेळगावजवळ पिरनवाडीच्या पुढं, खानापूर रस्त्यापासून थोडं आत आमची ९ घरं आहेत. २०१६ साली आम्ही नऊ मित्रांनी मिळून जागा घेतली. प्रत्येकानं आपलं स्वतंत्र घर बांधलं आणि मधे सगळ्यांची म्हणून एक पडवी, मोठं स्वयंपाकघर, विहीर आणि परसू ठेवलं. आठवड्यातून दोनदा एकत्र जेवण, महिन्यातल्या एका रविवारी श्रमदान. कागदावर काही नव्हतं, कधी गरजच पडली नाही. गेल्या वर्षी एका मित्रानं घर विकलं आणि एक तरुण जोडपं राहायला आलं. दोघंही पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात. वागायला चांगली आहेत, पण वर्षभरात पंगतीला चार वेळा आली असतील, श्रमदानाला एकदाही नाही. संध्याकाळी आम्ही फणसाखाली बसतो, तिथंच गाडी लावतात. मे महिन्यात पडवी शाकारायला आम्ही साठीतली माणसं शिडीवर चढलो, तेव्हाही त्यांचं दार बंद. शेवटी आमच्यातला एकजण जरा लागेल असं बोलला. त्यावर ती मुलगी म्हणाली, ‘हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.’ आता दिवाळीनंतर आणखी एक घर विकलं जाणार आहे. नियम लिहून काढावेत का? पण लिहिले तर आमची मैत्री जाऊन तिथं नुसती सोसायटी उरेल, अशी भीती वाटते.
— एक वाचक, पिरनवाडी

उत्तर : दादा, त्या मुलीचं म्हणणं खरं आहे. तुमचा राग मला समजतो, कारण तोच राग मीही एकदा धरला होता. पण तिला कुणी सांगितलं नव्हतं, हे तुमच्याच पत्रात आहे : ‘कागदावर काही नव्हतं.’ घर विकणाऱ्या मित्रानं तिला विहिरीचं गोड पाणी, फणस, शांतता, चांगला शेजार हे सगळं सांगितलं असणार. मे महिन्यात शिडीवर चढावं लागतं, हे सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

आमच्याकडं काय झालं ते सांगते. हिंडलगा ओलांडून पुढं गेलं की आमची ११ घरं आहेत. ७ घरांत मराठी बोलतात, ३ घरांत कन्नड, एका घरात कोकणी. सहा वर्षांपूर्वी आमच्यात एक कुटुंब आलं. नवरा, बायको, शाळकरी मुलगा. आमचं श्रमदान तेव्हा दर रविवारी सकाळी असायचं. ती बाई दर रविवारी सातच्या बसनं गोकाकला जायची. आम्ही परसवात खुरपी घेऊन बसलेले, आणि ती फाटकातून बाहेर पडताना दिसायची. कुणी तिला काही बोललं नाही. नुसतं बोलणं कमी होत गेलं. बुधवारच्या पंगतीला तिच्या भाकऱ्या जाड होतात, यावरसुद्धा कुजबुज झाली. १४ महिन्यांनी त्यांनी घर सोडलं. टेंपो भरत असताना ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, ‘काकू, तुम्ही माझे रविवार मोजत होता हे मला कळलंच नाही हो. तिकडं आई अंथरुणाला खिळलीय. दुसरा कुठलाही वार सांगितला असता, तर मी एकटीनं परसू झाडून काढलं असतं.’ ती रविवारी कुठं जाते, हे १४ महिन्यांत आमच्या ११ घरांपैकी एकानंही विचारलं नव्हतं. ते माझ्या मनातून अजून जात नाही.

ती गेल्यावर एका संध्याकाळी आम्ही सगळे पडवीत बसलो. घरटी एक कोरा कागद दिला. नाव घालायचं नाही, शेजारच्याशी बोलायचं नाही, फक्त तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची. महिन्याला एका घरानं सगळ्यांच्या कामाला किती तास द्यावेत? आठवड्यातली किती जेवणं एकत्र व्हावीत? आणि कुठली गोष्ट झाली नाही तर तुम्हाला आतून लागतं? कागद उघडले, तर एकानं महिन्याला २ तास लिहिले होते आणि एकानं २०. एका कागदावर नुसतं ‘लागेल तसं’. जेवणाबद्दल दोन घरांनी लिहिलं होतं की आठवड्यातून एकच पुरे, दुसऱ्याचं ओझं होतं. ही दोन घरं पहिल्या दिवसापासूनची. मग हळूहळू हेही निघालं की जुन्यातलेच दोघंजण वर्षानुवर्षं श्रमदानाला येत नव्हते. ते मित्र म्हणून त्यांना कुणी विचारत नव्हतं. नव्या बाईचं न येणं तेवढं सगळ्यांच्या डोळ्यांवर आलं.

म्हणून, दादा, नव्यांसाठी नियम लिहायला बसू नका. आधी तुम्ही आठ जुनी घरं बसा आणि हेच तीन प्रश्न कागदावर सोडवा. माझी खात्री आहे की तुमची आकडेवारी आमच्यासारखीच विस्कटलेली निघेल. नव्या माणसावरून होणारं भांडण बहुतेक वेळा जुन्यांचंच न झालेलं भांडण असतं. ते जोडपं त्यात सापडलंय.

लिहिण्यानं मैत्री मरेल, ही तुमची भीती मला पटत नाही. आपण भिशी लावतो तेव्हा रक्कम किती, तारीख कुठली, पहिला नंबर कुणाचा हे विचारल्याशिवाय कुणी पैसे काढून देतं का? आणि भिशीतल्या बायका चाळीस चाळीस वर्षं मैत्रिणी असतात. आपल्या शेतातला पैरा घ्या. आज माझ्या रोपलावणीला तुम्ही चौघं आलात, तर तुमच्या रोपलावणीला माझ्या घरची चार माणसं येणार. दिवसाला दिवस. येळ्ळूर, कडोलीकडं जुन्या माणसांना विचारा, कुणाचा किती पैरा फिटायचा राहिलाय हे त्यांच्या तोंडावर असायचं. तो हिशेब कुणाला अपमान वाटत नव्हता.

फरक एवढाच, की गावातल्या मुलाला पैरा शिकवावा लागत नव्हता, तो बघत मोठा व्हायचा. वाड्यात आलेल्या सुनेला सासू-जावा दाखवायच्या, कुठला हंडा कुठं आणि पाण्याला पहाटे कुणाची पाळी. शहापूर-वडगावच्या गल्ल्यांतून अजून पंच आहेत, नवं बिऱ्हाड आलं की वर्गणी काय, उत्सव कुठले हे ते येऊन सांगतात. तुमच्या-माझ्या वसाहतीत सासू नाही, मालक नाही, पंच नाहीत. एकमेकांना निवडून एकत्र आलेली ही माणसं आहेत. इथं सांगायचं काम कुणाचं, हे ठरवलं नाही तर ते कुणीच करत नाही.

असा सहनिवास, म्हणजे स्वतंत्र घरं आणि मधे सामायिक जागा, जिथून सुरू झाला त्या डेन्मार्कमध्येही मंडळींना हे बसून ठरवावंच लागलं. तिथं यान गुडमन-होयर नावाच्या वास्तुविशारदानं १९६४ साली मित्रांबरोबर अशी वसाहत काढायचं ठरवलं, पण आजूबाजूच्या लोकांच्या विरोधानं तो पहिला बेत मोडला. कोपनहेगनच्या उत्तरेला, हिलेरोड गावाजवळ २७ कुटुंबांची पहिली वसाहत उभी राहिली ती १९७२ साली. प्रत्येकाचं घर वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, आणि त्याशिवाय सगळ्यांचं एक सामायिक घर. आज युरोप-अमेरिकेतल्या बऱ्याच वसाहती घर घेऊ पाहणाऱ्याला आधी जेवणांना, बैठकांना आणि कामाच्या दिवसाला बोलावतात. तो बघतो आणि आपणच ठरवतो, जमेल की नाही. आम्ही हे उचललं, आणि त्याचा फार उपयोग झाला.

आमच्याकडं आता घर विकायचं असेल, तर घेणाऱ्यानं आधी चार जेवणं, दोन बैठका आणि एक श्रमदान करायचं असतं. यातली निदान एक खेप पावसाळ्यातली हवी, असा माझा आग्रह असतो. मार्गशीर्षात आमची जागा कुणालाही आवडते. आषाढात, आठ आठ दिवस ऊन नसताना, पडवीच्या कौलातून टपटप गळताना, चिखलातून मोटर बघायला जायची पाळी आल्यावर जो हसत परत येतो, त्याला पुढं फारसं सांगावं लागत नाही. तुमचं घर दिवाळीनंतर विकलं जाणार आहे. पावसाळा तोवर संपलेला असेल, तर निदान कुठली कौलं गळतात ते घेणाऱ्याला हाताला धरून दाखवा.

कागदावर काय असावं? आमचा कागद दोन पानांचा आहे. त्यात ‘सर्वांनी सहकार्याने राहावे’ असलं एकही वाक्य नाही. आहे ते असं : घरटी महिन्याला ६ तास. पंगत आठवड्याला एक, बुधवारी. यायचं की नाही हे मंगळवारी रात्रीपर्यंत फळ्यावर लिहायचं. स्वयंपाकाची पाळी साधारण अडीच महिन्यांनी एकदा येते आणि ती बदलून घेता येते. मोठ्या स्वयंपाकघरात मटण-मासे नाहीत, कारण दोन घरं लिंगायत आणि एक जैन आहे. परसवातल्या शेडमध्ये वेगळी चूल आणि वेगळी भांडी आहेत, तिथं खुशाल करा. विहिरीचं पाणी मार्चनंतर बागेला नाही. गाड्या फाटकाजवळच. रात्री दहानंतर पडवीत आवाज नाही. पाहुणा १५ दिवसांहून जास्त राहणार असेल तर बैठकीत सांगायचं, परवानगी मागायची नाही. पैसे किती, कशाचे, कुठल्या तारखेला. आणि शेवटी : कुठलीही गोष्ट न पटल्यास ती कुठं मांडायची. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे, कारण कागद आम्ही जुन्यांनी लिहिला, पण उद्या तो नव्यांचाही व्हायला हवा.

एका गोष्टीवर आमच्यात खूप वाद झाला. श्रमदानाला न येणाऱ्यानं पैसे भरावेत का? मी विरोधात होते आणि अजून आहे. तुमच्याकडच्या त्या जोडप्याला महिन्याला हजार रुपये सहज परवडतील. ते भरतील आणि निर्धास्त होतील, आणि खुरपं कायमचं तुमच्या हातात राहील. काही वर्षांत तिथं पैसे देणारे आणि झाडणारे अशी दोन गावं होतील. त्यापेक्षा कामांची यादी लांब करा. शिडीवर चढणं, गवत काढणं एवढंच श्रमदान नसतं. हेस्कॉमचं विजेचं बिल, बोअरच्या मोटरचा मेकॅनिक, जमाखर्च, मुलांना एक तास गणित, दवाखान्यात कुणाला तरी घेऊन जाणं हेही त्या ६ तासांत धरा. आमच्याकडं ७८ वर्षांचे एक आजोबा फक्त फळा लिहितात, रोज, दोन्ही लिपींत. त्यांचे तास पुरे होतात.

दोन्ही लिपींवरून आठवलं. आपल्या भागात हे आधीच बोलून ठेवायला लागतं आणि नेमकं तेच लोक टाळतात. आमचं इतिवृत्त पहिली चार वर्षं फक्त मराठीत लिहिलं जायचं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, लिहिणारी मी होते आणि मला मराठी सोपं जायचं. एके दिवशी कन्नड घरातल्या आजी म्हणाल्या, ‘मला कळतं सगळं, पण वाचता येत नाही, म्हणून मी सही करते ती डोळे मिटून.’ तेव्हापासून बैठकीत ज्यानं-त्यानं आपल्या भाषेत बोलायचं आणि ठराव दोन्हीत लिहायचा. अर्धा तास जास्त जातो. जाऊ दे.

आणि १ नोव्हेंबर. १९५६ साली या दिवशी राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आताच्या कर्नाटकात, गेलं. एका घराला त्या दिवशी राज्योत्सवाचा लाल-पिवळा झेंडा लावायचा असतो, दुसऱ्या घराला काळा दिन पाळायचा असतो. आम्ही ठरवलं ते असं : आपल्या घरात, आपल्या दारावर ज्यानं-त्यानं मनाप्रमाणं करावं. सामायिक पडवीवर त्या दिवशी काहीही लागणार नाही, आणि त्या दिवशी बैठक किंवा पंगत ठेवायची नाही. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि शेजारच्या घराचंही पक्कं आहे. ती दोन मतं घेऊनच आम्ही एका विहिरीचं पाणी पितो. नवं बिऱ्हाड आलं की हे मी पहिल्याच चहाला सांगते. तुमची नऊच्या नऊ घरं मराठी असतील, तरी दिवाळीनंतर येणारं नवं नाव कुठल्या भाषेतलं असेल हे तुम्हाला माहीत नाही.

कागद देऊन काम संपत नाही. प्रत्येक नव्या घराला आम्ही एक सोबतीचं घर देतो, तीन महिन्यांसाठी. ते अध्यक्षाचं किंवा फार उत्साही माणसाचं नसावं. टाकीचा व्हॉल्व्ह कुठला, कचऱ्याची गाडी कधी येते, कुणाला सकाळी बोललेलं आवडत नाही, हे ज्याला न लाजता विचारता येईल असं घर. तीन महिन्यांनी चहाला बसून दोन प्रश्न : आम्ही सांगितलं होतं त्यापेक्षा वेगळं काय निघालं? आणि आमचं काय जाचतं? उत्तर ऐकताना समर्थन करायचं नाही. हे मला फार जड गेलं.

नवा नियम करताना हात वर करून मतं मोजू नका. नेदरलँड्समधल्या गेरार्ड एंडेनबर्ग या अभियंत्यानं १९७०च्या दशकात आपल्या विजेच्या कामाच्या कंपनीत निर्णय घ्यायची एक रीत बसवली. तिच्यात प्रत्येकाला ‘आवडलं का’ असं विचारत नाहीत, ‘यावर तुझा सकारण आक्षेप आहे का’ असं विचारतात, आणि आक्षेप निघाला तर प्रस्ताव तेवढा दुरुस्त करतात. अनेक सहनिवास वसाहतींनी ती घेतली आहे. दोन नवी आणि सात जुनी घरं असताना मतदान केलं, तर नवी घरं दर वेळी हरणार.

राहिलं ते तुमचं जोडपं. त्यांच्याकडं तुम्ही स्वतः जा, दोघंजणच, घोळक्यानं नको. जाताना कुंद्याची मिठाई घेऊन जा. आधी म्हणा की सांगायचं राहिलं ती चूक आमची. मग विचारा, त्यांच्या कामाच्या वेळा काय आहेत. परदेशातल्या लोकांबरोबर काम असेल तर रात्री आठ हीच त्यांची बैठकीची वेळ असेल, आणि तुमची पंगत आठलाच असेल. रविवारची दुपार त्यांना चालेल कदाचित. गाडीचं आत्ताच स्पष्ट सांगा, फणसाखाली नको म्हणून. ते एका वाक्यात सुटेल. पुढच्या मे महिन्यात शाकारणी आहे, तारीख अजून ठरायचीय, तुम्हाला कुठली सोयीची, असंही विचारा. तारीख ठरवताना जो असतो, तो सहसा शिडी धरायला येतो.

प्रश्न : मावशी, मी लग्न होऊन निपाणीहून बेळगावात आले. सासरची सहा घरं एका आवारात आहेत, नात्यातली नाहीत, सगळे सासऱ्यांचे जुने स्नेही. माणसं फार मायेची आहेत. पण दिवसातून चार वेळा कुणीतरी ‘काय करूलालीस गं?’ म्हणत सरळ स्वयंपाकघरात येतं. दुपारी दार लावलं तर संध्याकाळी विचारतात, बरं नव्हतं का. मला जीव गुदमरल्यासारखं होतं आणि असं वाटलं की लगेच वाईटही वाटतं.
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : अगं, वाईट वाटून घेऊ नकोस. वर डेन्मार्कचं लिहिलंय ते पुन्हा बघ. तिथं प्रत्येकाला स्वतःचं पूर्ण स्वयंपाकघर आणि स्वतःचं दार आहे, सामायिक जागा त्यावर जास्तीची. दार लावता येतं म्हणूनच माणसं ते उघडून बाहेर येतात. तुझ्याकडं हे कुणी कधी ठरवलंच नसणार, कारण सासूबाईंच्या पिढीला उघडं दार हाच शेजार वाटत होता.

आमच्याकडं एका सुनेनं सुचवलेली खूण आहे. दार नुसतं लोटलेलं असलं तर हाक मारून या. कडी असली तर आत्ता नको, आणि नंतर कारण विचारायचं नाही. हे बैठकीत सगळ्यांसमोर ठरलं, त्यामुळं तिला एकटीला कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. तुझ्या आवारात बैठक होत नसेल तर सासूबाईंना आधी सांग. तक्रार म्हणून नको. ‘दुपारी दोन ते चार मला एकटीला लागतात, मग मी चार वाजता सगळ्यांसाठी चहा टाकते,’ असं वेळेसकट सांग. पहिले आठ दिवस चहा खरंच टाक.

प्रश्न : आमच्या १२ सदनिका आहेत, खानापुरात. सगळ्यांनी मान्य केलेला असा कागद कायद्यानं बंधनकारक करता येतो का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : थोडा येतो, सगळा नाही, आणि सगळा करूही नये. तुमच्या सदनिका कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायदा, १९७२ खाली घोषणापत्र नोंदवून आणलेल्या असतील, तर पोटनियम पाळणं प्रत्येक मालकावर बंधनकारक असतं, नव्यानं विकत घेणाऱ्यावरही. देखभालीचा खर्च, पाणी, पार्किंग, सामायिक जागेचा वापर हे तिथं घाला. जेवणाच्या पाळ्या, श्रमदानाचे तास, आवाजाची वेळ हे वेगळ्या कागदावर ठेवा. पोटनियम बदलायला सभा, ठराव, नोंदणी असं सगळं लागतं. हा कागद महिन्याच्या बैठकीत बदलता यावा. घोषणापत्र तुमच्याकडं आहे की नाही हे उपनिबंधक कार्यालयात आणि एखाद्या स्थानिक वकिलाकडून आधी तपासून घ्या. तुमची नोंदणीची कागदपत्रं कन्नडात असतील आणि घेणाऱ्याला ती वाचता येत नसतील, तर पोटनियमांचं मराठी भाषांतर करून खरेदीखताच्या आधी त्याच्या हातात द्या. घेणारा कन्नड असेल, तर तुमच्या मराठी कागदाचं कन्नड करून द्या. १२ घरांत ते करणारं कुणीतरी नक्की असेल, आणि ते काम त्याच्या तासांत धरा.